खंड रद्दीत देण्याआधी हक्काचे कागद काढा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. नागपुरातल्या एका अनुदानित विज्ञान महाविद्यालयात तुम्ही तीन वर्षांपासून ग्रंथपाल आहात. प्राचार्य म्हणतात, आता सगळं ऑनलाइन मिळतं, तेव्हा छापील जर्नलांची वर्गणी बंद करा आणि १९६० पासूनचे बांधीव खंड (वर्षभराचे अंक एकत्र बांधलेले) नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेची, समिती यायच्या आत हलवा, तिथे संगणक लावायचे आहेत. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर त्यांना कशाच्या आधारावर थांबवायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

ताई, वर्गणी खुशाल बंद करा. खंडांना मात्र इतक्यात हात लावू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहेबांनी त्या एकाच वाक्यात बांधल्या, तिथेच घोळ झाला आहे.

मी या कामात ३४ वर्षं काढली, सगळी नागपुरात. १९८६ ला रुजू झालो तेव्हा माझ्या टेबलाशेजारी कार्डेक्सचं लोखंडी कपाट होतं. तुमच्याकडेही कुठेतरी धूळ खात असेल. पसरट ट्रे, ट्रेमध्ये एकाखाली एक कार्डं, प्रत्येकाची फक्त खालची कड दिसते आणि तिच्यावर जर्नलचं नाव. कार्डावर बारा महिन्यांचे चौकोन. अंक आला की चौकोनात तारीख घालायची, नाही आला की पेन्सिलीनं ‘स्म.’ लिहायचं, म्हणजे स्मरणपत्र धाडलं. सप्टेंबरात प्राध्यापकांकडून पुढच्या वर्षाची यादी, डिसेंबरच्या आत दिल्लीच्या नाहीतर मद्रासच्या एजंटकडे आगाऊ रक्कम, डॉलर-पौंडाचा भाव गुड ऑफिसेस कमिटीच्या, म्हणजे पुस्तक-जर्नलांच्या खरेदीसाठी भाव ठरवणाऱ्या समितीच्या, पत्रकाप्रमाणे. एवढं सगळं करून जानेवारीचा अंक समुद्रमार्गे एप्रिलमध्ये टेबलावर पडायचा. गंमत म्हणजे अंक मिळाला नाही ही तक्रार प्रकाशक ठरावीक मुदतीतच ऐकून घ्यायचे आणि तेवढी मुदत बोटीतच संपायची. माझ्या कार्डांवर ‘स्म.’ खूप आहेत, त्यापुढे तारखा कमी.

ज्यांना वाट पाहणं परवडत नसे त्यांच्यासाठी करंट कंटेंट्स होतं. हे साप्ताहिक फक्त जर्नलांच्या अनुक्रमणिका छापायचं, मागे लेखकांचे पत्ते. संशोधक तो पत्ता छापील पोस्टकार्डावर लिहून लेखकाकडे लेखाची प्रत मागायचे. महिन्या-दोन महिन्यांनी प्राग, ओसाका, ब्राझील कुठूनही पाकीट यायचं. आमच्या शिपाईकाकांच्या मुलाचा तिकिटांचा अल्बम त्याच पाकिटांवर भरला. शोधनिबंध मिळवणं म्हणजे तेव्हा लिहिणाऱ्या माणसाशी पत्रव्यवहार असायचा. तेवढं एक मला आजही आठवतं. बाकी त्या व्यवस्थेबद्दल मला गहिवर नाही.

कारण ती व्यवस्था आमच्या डोळ्यांदेखत मोडली. जुलै १९९१ मध्ये सरकारनं दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर एका आठवड्यात पाचव्या हिश्शाहून अधिक महागला आणि आमचं अनुदान होतं तेवढंच राहिलं. यादीतली तिसरा हिस्सा नावं कापली. ग्राहक घटले की प्रकाशक उरलेल्यांवर किंमत चढवणार, मग त्यांच्यातले आणखी काही गळणार. हे चक्र अमेरिकेतल्या श्रीमंत विद्यापीठांतही तेव्हा फिरत होतं. आणि त्याच पावसाळ्यात, ऑगस्ट १९९१ मध्ये, लॉस अ‍ॅलामॉसला पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञानं छापण्याआधीचे निबंध ईमेलवरून वाटणारी एक स्वयंचलित सोय सुरू केली. तीच पुढे अर्काइव्ह (arXiv) हे निबंधांचं मोफत ऑनलाइन भांडार झाली. आम्ही इथे कार्डेक्समधून कार्डं उपसत होतो आणि तिकडे कार्डेक्सची गरजच संपत होती. मला हे कळलं फार उशिरा, विद्यापीठातल्या एका भौतिकीच्या सरांनी निबंध छापून आणून दाखवला तेव्हा. जर्नलमध्ये तो यायला अजून सात महिने होते.

पुढचं भराभर सांगतो. आधी सीडी आल्या. १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या हायवायर या ऑनलाइन प्रकाशन सेवेनं जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री इंटरनेटवर आणलं. २००० मध्ये क्रॉसरेफ ही प्रकाशकांची संस्था सुरू झाली आणि डीओआय या प्रत्येक लेखाच्या कायमच्या ओळखक्रमांकामुळे एका लेखाच्या तळटिपेवरून दुसऱ्या लेखात उडी मारता येऊ लागली. २००४ पासून यूजीसी-इन्फोनेट या सरकारी योजनेतून विद्यापीठांना हजारो जर्नल एकदम मिळाली, २०१० पासून महाविद्यालयांना एन-लिस्ट आली, २०१५ च्या शेवटी या योजना ई-शोधसिंधूत एकत्र झाल्या. विदर्भात सुरुवातीच्या वर्षांत भारनियमन जोरात होतं. जर्नल आलं की वीज जायची आणि वीज आली की बीएसएनएलची लाइन जायची. तरीही पोरं रांगा लावायची, कारण नागपुरातल्या एखाद्या एम.एस्सी.च्या मुलीला मुंबईच्या मुलीसोबत एकाच दिवशी तोच निबंध वाचता येणं, हे आधी कधी झालंच नव्हतं.

जागेचा मुद्दाही तुमच्या साहेबांना पहिल्यांदा सुचलेला नाही. जेस्टॉर हे जुन्या जर्नलांचं ऑनलाइन भांडार जन्माला आलं तेच मुळी जागेपायी. अमेरिकेतल्या मेलन फाउंडेशनचे विल्यम बोवेन एका महाविद्यालयाचे विश्वस्त होते, तिथे खंड ठेवायला इमारत वाढवायचा खर्च समोर आला आणि जुने अंक स्कॅन करून सगळ्यांनी मिळून वापरले तर, हा विचार तिथून निघाला. १९९५ मध्ये संस्था उभी राहिली. पण पुढची गोष्ट बैठकीत कुणी सांगत नाही: स्कॅन केल्यावरही त्यांनी अमेरिकी विद्यापीठांशी करार करून छापील संच वेगळे जपून ठेवायची सोय केली. ब्रिटनमध्येही २००७ पासून ग्रंथालयांनी खंड काढायला घेतले, तेव्हा नियम ठेवला की देशात तीन प्रती उरल्या पाहिजेत, मगच चौथी काढायची. आपल्याकडे ‘ऑनलाइन आहे’ एवढं म्हणून पहिलीच प्रत टेम्पोत चढते.

आता मूळ मुद्दा. छापील अंकाचे पैसे भरले की तो अंक ग्रंथालयाचा. पुढच्या वर्षी वर्गणी थांबली, प्रकाशक बुडाला, एजंट पळाला, तरी १९७८ चा खंड मांडणीवरच राहतो. ई-जर्नलमध्ये आपण आत यायची परवानगी विकत घेतो. ती किती वर्षांची, मागच्या किती वर्षांच्या अंकांसाठी, आणि वर्गणी थांबल्यावर ज्या वर्षांचे पैसे भरले ती वर्षं तरी उघडी राहतील का, हे करारात लिहिलेलं असतं. तो करार आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? मीही वाचला नव्हता.

त्याची किंमत मोजली. संस्थेचं नाव सांगत नाही, जर्नलचंही नाही. २००८ मध्ये आम्ही एका जर्नलची छापील वर्गणी सोडून फक्त ऑनलाइन घेतली, स्वस्त पडत होती. वर्षभरानं जागेची ओरड झाली, तेव्हा त्याच जर्नलचे मागच्या दहा वर्षांचे खंड निर्लेखन समितीपुढे, म्हणजे साठ्यातून वस्तू काढायला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे, ठेवले. ‘ऑनलाइन उपलब्ध’ असा शेरा माझ्याच अक्षरात आहे. रद्दीवाला वजन करताना कुरकुरत होता की हा चिकना कागद आहे, याला पेपरच्या रद्दीचा भाव नाही. तीन वर्षांनी ते जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेलं. अशा बदल्या या धंद्यात नेहमी होतात. नव्याच्या करारात चालू वर्ष आणि मागची चार वर्षं, एवढंच. ज्या दहा वर्षांचे पैसे आम्ही आधीच पूर्ण भरले होते, ती दहा वर्षं ना मांडणीवर ना पडद्यावर. पीएच.डी. करणारी एक मुलगी २००१ चा एक निबंध मागायला आली. मी दुपारभर पडद्यावरचा ‘खरेदी करा’ हा चौकोन बघत बसलो. शेवटी बंगळुरूच्या ओळखीच्या ग्रंथपालांनी त्यांच्या बांधीव खंडातून झेरॉक्स काढून पोस्टानं पाठवली. छापील खंडातून.

म्हणून, साहेबांशी बोलायच्या आधी एक वही घ्या आणि खंड वर्षवार लिहून काढा. प्रत्येक नावापुढे एवढंच: ही वर्षं ऑनलाइन आहेत का, कुठे, आणि कुणाच्या हक्कानं. दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. नावांचे आपोआप तीन गट पडतील.

सगळ्यात सोपा गट भारतीय अकादम्यांचा. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नलं १९३४ पासूनची, आणि करंट सायन्स १९३२ पासूनचं, संकेतस्थळावर फुकट उघडं आहे. सीएसआयआरची बरीच जर्नलंही त्यांच्या स्वतःच्या भांडारात मोफत वाचता येतात. इथे हक्काचा प्रश्न नाही, हे खंड काढायला मी सहसा हरकत घेणार नाही. ‘सहसा’ का म्हणालो ते पुढे सांगतो.

दुसरा गट मोठ्या परदेशी प्रकाशकांचा. इथे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चं नाव तुमच्या बैठकीत नक्की निघालं असेल. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केलेली योजना: २०२५, २०२६, २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० जर्नल, ६,३०० हून जास्त संस्था. काम चांगलंच आहे. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. तुमचं महाविद्यालय अनुदानित असलं तरी चालवते खासगी संस्था, तेव्हा आपण त्या यादीत आहोत का हे इन्फ्लिबनेटकडून (योजना राबवणारं यूजीसीचं केंद्र) लेखी घ्या, तोंडी ऐकू नका. आणि यादीत असलात तरी साहेबांना एकच विचारा: ‘सर, २०२८ चं काय?’ तीन वर्षांच्या परवानगीवर साठ वर्षांचा साठा विकायचा नसतो.

या गटातल्या प्रत्येक जर्नलसाठी आणखी एक गोष्ट बघा. प्रकाशकाच्या बाहेर ते कुठे जपलं जातंय का? स्टॅनफर्डचं लॉक्स, २००५ पासूनचं पोर्टिको, अशा व्यवस्था प्रकाशक बुडाला तरी लेख उघडे राहावेत म्हणूनच आहेत. कीपर्स रजिस्ट्री या ऑनलाइन नोंदवहीत आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळखक्रमांक, टाकला की कुठल्या वर्षांचे खंड कोण सांभाळतंय ते दिसतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. हे वाढीव वाटत असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. २००० ते २०१९ या काळात १७४ मुक्त-प्रवेश (कुणालाही फुकट वाचता येणारी) जर्नलं इंटरनेटवरून नाहीशी झाली, असं संशोधकांनी मोजलं आहे. छापील जर्नलही बंद पडायचं, पण बंद पडताना आमच्या मांडणीवरचे खंड सोबत घेऊन जात नव्हतं.

तिसरा गट तुमच्या प्राचार्यांना कचरा वाटेल आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा आहे: छोट्या संस्थांच्या पत्रिका, विद्यापीठांची बंद पडलेली सायन्स जर्नलं, परिषदांची कार्यवृत्तं, भूगर्भ, माती, कापूस, संत्री यांवरचे स्थानिक अहवाल. हे कुणी स्कॅन केलेलं नाही, करायला कुणाचा धंदाही नाही. एकदा एक निवृत्त कृषी शास्त्रज्ञ संत्राबागांवरचं जुनं काम शोधत आले. पडद्यावर त्यांना काही सापडलं नाही. मागच्या खोलीत सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यात सापडलं, मुखपृष्ठ नव्हतं, उंदरानं एक कोपरा खाल्लेला. ते उभ्या-उभ्याच वाचायला लागले. मी खुर्ची सरकवली तरी त्यांना कळलं नाही.

या गटासाठी शहरात फोन फिरवा. नीरी आहे, व्हीएनआयटी आहे, विद्यापीठाचं ग्रंथालय, शासकीय विज्ञान संस्था, कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडचं मृदा सर्वेक्षण ब्यूरो. तुमच्याकडे आहे ते त्यांच्यापैकी कुणाकडे पूर्ण असेल आणि ते ठेवणार असतील तर तुमचा खंड त्यांच्या फटी भरायला द्या. कुणाकडेच नसेल तर तुमची प्रत शहरातली शेवटची आहे, आणि तसं टिपणात ठळक लिहा. मला कधीपासून वाटतं की आपण सात-आठ ग्रंथपालांनी बसून ‘नागपुरात एक प्रत’ एवढा साधा ठराव करावा. माझ्या नोकरीत ते जमलं नाही, दर वेळी चहा झाला आणि विषय नॅककडे गेला.

आता ते ‘सहसा’. ऑनलाइन आहे म्हणजे सगळं आहे, असं धरून चालू नका. तुमच्या खंडांतून वीसेक लेख उचला आणि पडद्यावर पानोपान ताडून बघा. सुरुवातीच्या काळातलं बरंचसं स्कॅनिंग निव्वळ काळ्या-पांढऱ्यात झालं, मधल्या करड्या छटाच नाहीत. अक्षरं कोरीव दिसतात, पण सूक्ष्मदर्शकातल्या फोटोचा काळा डाग होतो. प्राणिशास्त्राच्या रंगीत पट्ट्या आणि घडी घातलेले नकाशे नीट आलेत का, हे नकाशा समोर पसरूनच बघावं लागतं. जिथे चित्र म्हणजेच पुरावा आहे तिथे खंड ठेवा, बाकी जाऊ द्या.

मी कागदाचा भक्त आहे असा समज करून घेऊ नका. कागदाला एक गोष्ट मुळीच जमत नाही: स्वतःची चूक सांगणं. लॅन्सेटमध्ये फेब्रुवारी १९९८ ला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा निबंध आला. २०१० मध्ये लॅन्सेटनं तो मागे घेतला. आज पडद्यावर तो उघडला की पानावरच ‘मागे घेतला’ असं दिसतं. पण बांधीव खंडात तो अजून जसाच्या तसा, निरागस चेहऱ्यानं बसला आहे. माझ्या एका वैद्यकीय ग्रंथालयातल्या मित्रानं त्या पानावर लाल चिठ्ठी चिकटवली होती. किती ग्रंथालयांनी चिकटवली असेल? चालू विज्ञानासाठी इलेक्ट्रॉनिक आवृत्तीच खरी, यात मला शंका नाही. म्हणूनच पहिल्या वाक्यात वर्गणी बंद करा म्हणालो. नवा छापील अंक आज मांडणीवर येतो तोवर तो लेख जगानं वाचून, उद्धृत करून, कधी कधी खोडूनही झालेला असतो. बऱ्याच जर्नलांना तर आता पानांचे क्रमांकही नाहीत, नुसता लेख क्रमांक असतो.

वर्गणीच्या यादीत मात्र एक चाळणी लावा. तुमच्याकडे ‘इंटरनॅशनल’ने सुरू होणारी चार-दोन छापील जर्नलं येत असतील, ज्यांत आपल्याच प्राध्यापकांचे लेख पैसे भरून छापलेले आहेत. ती आधी बंद करा. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, म्हणजे कुठलं जर्नल खरं हे ठरवायची जबाबदारी आता संस्थेवर आहे. ती बोलून दाखवली की स्टाफरूममध्ये दोन दिवस तुमच्याशी कोणी बोलणार नाही. चालतं.

जे खंड राहतील ते कुठे ठेवायचे? तळघर नको, गच्चीखालची खोली नको आणि कूलरच्या झोतात तर अजिबात नको. आपल्याकडे मे महिन्यात वाचनकक्षाला डेझर्ट कूलर लावतात, माणसांना बरं वाटतं, पण ओली हवा सरळ मांडणीवर जाते. जर्नलांचा आर्ट पेपर चकचकीत दिसतो तो वरच्या पांढऱ्या चिनी मातीच्या लेपामुळे. तो ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. एका ऑगस्टमध्ये गळक्या छताखाली आमचा एक खंड सापडला, उचलला तर पाटीसारखा कडक. बाइंडरनं सुरीचं टोक घालून बघितलं आणि म्हणाला, ‘आता काही नाही होत साहेब याचं, वीट झाली.’ भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, सर्वात खालचा खण रिकामा सोडा, वाळवी तिथून चढते. दिवाळीनंतर वर्षातून एकदा खंड उघडून हवा दाखवा.

साहेबांना टिपण द्याल ते दीड पानाचं द्या, त्याहून जास्त ते वाचणार नाहीत. पहिल्याच ओळीत किती फूट जागा लगेच मोकळी होते ते सांगा. अकादम्यांचे आणि दुबार खंड काढले की माझ्या अंदाजानं तुमची अर्धी भिंत सुटेल आणि संगणक मावतील. उरलेल्यांची यादी कारणासकट जोडा. जे काढाल त्याचा निर्लेखन समितीचा ठराव घ्या, दाखल नोंदवहीत लाल शाईनं नोंद करा, आणि शेऱ्यात ‘ऑनलाइन उपलब्ध’ असं मोघम लिहू नका. कुठे, कुठल्या वर्षापासून, कुठल्या हक्कानं, आणि तपासल्याची तारीख लिहा.

आणि ते कार्डेक्सचं कपाट भंगारात जाणार असेल तर जाऊ द्या, लोखंडाला भाव बरा येतो. आतली कार्डं मात्र काढून खोक्यात भरा. कुठल्या वर्षाचे पैसे भरले होते आणि कुठला अंक खरंच आला होता, याचा महाविद्यालयाकडचा पुरावा तेवढाच आहे. एखाद्या प्रकाशकाकडे जुन्या वर्षांचा हक्क मागायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच विचारला जातो.